आधी वजन, मग औषध

(जव्हार तालुक्यातील दाभोसा येथे परिचर्या विद्यार्थ्यांच्या अभ्यास-शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘रुग्णास औषध देताना घ्यावयाची दक्षता’ असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. वर्गात हा विषय बहुधा एका तासात उरकतो. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ, अशी पाच सूत्रे फळ्यावर लिहिली जातात, तुम्ही ती वहीत उतरवता, परीक्षेत ती हमखास विचारली जातात आणि गुण मिळाले की विषय संपतो. सूत्रे चुकीची नाहीत. पण ती कोणाच्या शरीरावर, कोणत्या घरात आणि किती माणसांच्या बळावर अमलात आणायची, याचे उत्तर त्यांच्यात नाही. मुंबई-पुण्याच्या सभागृहात बोलत असतो तर कदाचित पाचही सूत्रांचा समान परामर्श घेतला असता. आपण दाभोसा गावी बसलो आहोत. म्हणून मी तिसऱ्या सूत्रापाशी, म्हणजे मात्रेपाशी, जरा जास्त वेळ थांबणार आहे.

आपण एक साधे गणित करू. दोन वर्षांचे मूल तापाने फणफणले आहे. पॅरासिटामॉलची मात्रा मुलाच्या वजनाच्या दर किलोला एका वेळी १५ मिलिग्रॅम धरतात, आणि चोवीस तासांत चारपेक्षा अधिक वेळा ती देत नाहीत. दोन वर्षांच्या निरोगी मुलाचे वजन पुस्तकात सुमारे १२ किलो असते. त्याला १८० मिलिग्रॅम हवे. आता याच पाड्यावरचे, दोनच वर्षांचे पण साडेसात किलो वजनाचे मूल घ्या. त्याला ११२ मिलिग्रॅम पुरे. बाजारात हे औषध पातळ स्वरूपात निदान तीन प्रकारे मिळते. एका बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, दुसरीत ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम, आणि थेंबांच्या लहान बाटलीत एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. ‘दोन वर्षांचे आहे ना, मग एक चमचा द्या,’ असे कोणी सांगितले आणि हाताशी दुसरी बाटली असली, तर साडेसात किलोच्या मुलाच्या पोटात आवश्यक मात्रेच्या दुपटीहून अधिक औषध गेले. थेंबांची बाटली असली आणि आईने तीही चमच्याने मोजली, तर जवळजवळ साडेचार पट गेले. दिवसातून चारदा आणि सलग तीन दिवस असे घडले तर त्या मुलाच्या यकृताचे काय होईल, हे तुम्हांला शिकविलेले आहे.

या सगळ्यात कोणी औषध बदलले नाही, मूल बदलले नाही, वेळ चुकविली नाही. फक्त वयावरून वजनाचा अंदाज केला. जेथे मुले वयाप्रमाणे वाढतात तेथे हा अंदाज थोडाफार खपून जातो. जव्हार-मोखाड्यात तो खपत नाही. वावर-वांगणी ही नावे तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलेली असतील. याच जव्हार तालुक्यातील त्या गावांच्या परिसरात १९९२ साली कुपोषणाने बालके दगावली तेव्हा महाराष्ट्राला आपल्या राजधानीपासून काही तासांच्या अंतरावर काय चालले आहे याचा शोध लागला. त्यानंतर योजना आल्या, समित्या आल्या, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा पालघर जिल्हाही झाला. भुकेचा प्रश्न मात्र जिल्ह्याच्या सीमा आखून सुटत नसतो. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे निघणारी कुटुंबे आजही निघतात, आणि त्यांच्या पाठीवरची मुले कोणत्या अंगणवाडीच्या वहीत आहेत हे शोधावे लागते.

भुकेचा आणि औषधाच्या मात्रेचा संबंध येथे येतो. तीव्र कुपोषित मूल म्हणजे निरोगी मुलाची छोटी आवृत्ती नव्हे. त्याचे हृदय दुबळे असते, मूत्रपिंडे मीठ आणि पाणी नीट बाहेर टाकू शकत नाहीत, यकृताचा साठा रिता असतो. जुलाबाने थकलेले असे मूल घेऊन आई आली की सोबतची माणसे म्हणतात, ‘सिस्टर, सलाईन लावा.’ सलाईन लागली म्हणजे उपचार झाला, ही समजूत खेड्यापाड्यांत खोल रुजली आहे, आणि ती रुजविण्यात खाजगी दवाखान्यांचा वाटा मोठा आहे. पण या मुलाच्या शिरेतून भराभर पाणी सोडले तर त्याचे हृदय ते पेलू शकत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात अशा मुलाला शिरेतून द्रव देणे हे धक्क्याच्या अवस्थेपुरते मर्यादित ठेवले आहे. एरवी तोंडाने, आणि तेही सावकाश द्यावयाचे, पहिले दोन तास दर अर्ध्या तासाला किलोमागे ५ मिलिलिटर. सहा किलोच्या मुलाला अर्ध्या तासात ३० मिलिलिटर! वाटीच्या तळाशी दिसेल एवढेच पाणी! आईला हे पाहून वाटते की सरकारी दवाखान्यात माझ्या मुलाला काहीच देत नाहीत. तिला हे समजावून सांगण्याचे काम डॉक्टर करणार नाही. त्याला वेळ नसतो. ते तुम्हांला करावे लागते, आणि ‘का’ हे तुम्हांलाच ठाऊक नसेल तर तुम्ही ते करू शकणार नाही.

लोहाचेही असेच आहे. मूल पांढरेफटक दिसते, तेव्हा पहिल्याच दिवशी लोहाचे औषध द्यावे असे कोणालाही वाटेल. पण तीव्र कुपोषित मुलाला सुरुवातीच्या दिवसांत लोह देत नाहीत. जंतुसंसर्ग आटोक्यात येऊन मूल खाऊ लागते व वजन वाढू लागते, त्यानंतर ते सुरू करतात. आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. ज्या मुलाच्या पायांवर सूज आहे त्याचे काट्यावरचे वजन खरे नव्हे. त्यात पाणी मोजले गेलेले असते. दोन्ही पावलांच्या वरच्या भागावर अंगठ्याने तीन सेकंद दाबून खळगा राहतो का हे पाहिल्याशिवाय वजनावर विश्वास ठेवू नका.

वेळेच्या सूत्राबद्दल थोडे बोलतो. ‘दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर’ असे आपण केसपेपरवर लिहितो. ज्या घरात पावसाळ्याच्या अखेरीस नाचणी-वरईचा साठा संपत आलेला असतो आणि चूल दिवसातून एकदाच पेटते, तेथे या वाक्याचा अर्थ काय होतो? आई प्रामाणिकपणे एकदाच गोळी देते, कारण जेवण एकदाच झाले. ती अडाणी नाही; तिने तुमची सूचना तंतोतंत पाळली. सूचना देणाऱ्याने तिच्या घराचा विचार केला नव्हता. तेव्हा विचारावे, ‘ताई, घरी चूल कधी कधी पेटते?’ आणि त्याप्रमाणे सकाळी कोंबड्याला, दुपारी, आणि निजताना अशा खुणा बांधून द्याव्यात. चमचा घरचा वापरू नये, औषधाच्या बाटलीचे मोजमापाचे झाकण द्यावे, त्यावर शाईने रेघ ओढून द्यावी, आणि तिच्याकडून एकदा पाणी मोजवून घ्यावे. वारली किंवा कातकरी बाईने मान हलविली म्हणजे तिला समजले असे धरू नका. आपल्यासमोर ती बहुधा भिडेने मान हलवते.

आता वॉर्डात येऊ. जेंटामायसिन हे नवजात अर्भकाच्या जंतुसंसर्गात वापरले जाणारे इंजेक्शन तुम्ही पाहिले आहे. त्याच्या दोन मिलिलिटरच्या बाटल्या दोन शक्तींच्या असतात. मोठ्यांच्या बाटलीत ८० मिलिग्रॅम, लहान मुलांच्या बाटलीत २० मिलिग्रॅम. तीन किलोच्या अर्भकाला किलोमागे ५ प्रमाणे १५ मिलिग्रॅम द्यावयाचे ठरले, तर मुलांच्या बाटलीतून दीड मिलिलिटर घ्यावे लागेल. एखादे दिवशी मुलांची बाटली संपली, भांडारातून मोठ्यांची आली, आणि कालच्याप्रमाणेच सिरिंजमध्ये दीड मिलिलिटर भरले गेले, तर अर्भकाला ६० मिलिग्रॅम गेले. चौपट! या औषधाचा अतिरेक मूत्रपिंडे बिघडवतो आणि श्रवणशक्तीही नेतो. अर्भक ‘मला ऐकू येत नाही’ असे सांगत नाही. दोन वर्षांनी मूल बोलत नाही म्हणून आई देवऋष्याकडे जाते, आणि त्या दीड मिलिलिटरची आठवण कोणालाही राहिलेली नसते. म्हणून ‘किती मिलिलिटर’ हा प्रश्न एकट्याने कधी विचारू नये. ‘किती मिलिग्रॅम, आणि या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये किती’ असा तो विचारावा. पोटॅशियम क्लोराइडचे दहा मिलिलिटरचे अँप्यूल निर्जंतुक पाण्याच्या अँप्यूलसारखेच निरागस दिसते. ते पातळ न करता थेट शिरेत गेले तर हृदय थांबते. अशी औषधे एकाच ट्रेमध्ये शेजारी-शेजारी ठेवणे हा केवळ अव्यवस्थितपणा नव्हे, तो धोका आहे. त्यांची जागा वेगळी आणि कुलपाची असावी.

इतका वेळ मी वजन, वजन म्हणतो आहे, म्हणून कोणी वजनाचेही नवे पाठांतर करील अशी मला भीती वाटते. तेव्हा उलट उदाहरण देतो. फुरसे किंवा घोणस चावलेले मूल आले आणि सर्पविषरोधक लस द्यावयाची आहे. मूल लहान म्हणून लस कमी द्यावयाची काय? नाही. मुलाला मोठ्या माणसाइतकीच मात्रा द्यावी लागते. कारण ही लस मुलाच्या शरीरावर काम करीत नाही, सापाने सोडलेल्या विषावर करते. आणि साप समोर मूल आहे म्हणून विष कमी सोडीत नाही. लहान शरीरात तेच विष अधिक घातक ठरते. मात्र लसीची विपरीत प्रतिक्रिया आली तर जे अॅड्रिनलिन देता, त्याची मात्रा पुन्हा वजनावरूनच ठरते. एकाच रुग्णाला एकाच तासात द्यावयाची ही दोन इंजेक्शने. एकात वजन पाहायचे नाही आणि दुसऱ्यात पाहायचेच. हे पाठांतराने साधणार नाही. औषध शरीरात कोठे जाऊन काय करते हे ज्याला समजले, त्याला हे दोन्ही नियम लक्षात ठेवावेच लागत नाहीत.

गरोदर बाईच्या झटक्यांचे उदाहरण याहून कठीण आहे, पण या भागात ते टाळता येत नाही. येथून गंभीर रुग्ण जव्हारला, आणि तेथून पुढे नाशिककडे किंवा सिल्वासाकडे न्यावा लागतो. तो रस्ता पावसात किती लांबतो हे तुम्ही जाणता. म्हणून उपकेंद्रातील परिचारिकेने मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा, प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम अशी एकूण १० ग्रॅम, स्नायूत खोल देऊन मग बाईला पुढे पाठवावे, असे राष्ट्रीय मार्गदर्शन आहे. पन्नास टक्क्यांच्या दोन मिलिलिटरच्या अँप्यूलमध्ये १ ग्रॅम असते. म्हणजे दहा अँप्यूल फोडावयाची! नवख्या मुलीचा हात येथे थरथरतो. तिला वाटते, एवढे कसे द्यावे? आणि ती तीनच देते, किंवा काहीच न देता गाडी बोलावते. कमी औषध देणे ही सुरक्षितता नव्हे, हेही आपण शिकले पाहिजे. भीतीपोटी न दिलेली मात्रा चौकशीत कधी सापडत नाही, म्हणून ती सोयीची वाटते. पुढच्या मात्रा देण्यापूर्वी मात्र गुडघ्याचा प्रतिक्षेप आहे ना, श्वास मिनिटाला निदान १६ आहेत ना, गेल्या चार तासांत लघवी १०० मिलिलिटर तरी झाली ना, हे तपासावयाचे आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचे. श्वास मंदावला तर ते शोधायला भांडारात धावण्याइतका अवधी मिळत नाही.

मलेरियाबद्दल एकच गोष्ट. व्हायव्हॅक्स मलेरिया पुन्हा उलटू नये म्हणून प्रायमाक्विन चौदा दिवस देतात. वर्षाखालील मुलाला आणि गरोदर बाईला ते देत नाहीत. ज्यांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते त्यांच्या पेशी या औषधाने फुटू लागतात, आणि ही कमतरता काही आदिवासी समाजांत अधिक आढळते. गोळ्यांचे पाकीट देऊन ‘पूर्ण करा हं’ एवढे सांगणे पुरेसे नाही. ‘लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवा आणि लगेच इकडे या,’ हे सांगितलेच पाहिजे. थांबविण्याचा अधिकार रुग्णालाही द्यावा लागतो.

आता मी एका अशा घटनेकडे वळतो की जिच्यात पाचही सूत्रे पाळली गेली आणि तरी माणसे मेली. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. मेंदूतील व डोळ्यांतील दाब कमी करण्यासाठी त्यांना ग्लिसरॉल दिले जात होते. औषध लिहिलेले तेच होते, रुग्ण तेच, मात्रा तीच, वेळ तीच. पण बाटलीतील ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक विष मिसळलेले होते. एकामागून एक रुग्णांची मूत्रपिंडे बंद पडली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने केलेली चौकशी महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील एक मोठे प्रकरण ठरली. खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंत आणि मंत्रालयापर्यंत सडलेली साखळी तिने उघड्यावर मांडली. हेच विष अमेरिकेत १९३७ साली शंभराहून अधिक माणसांचे बळी घेऊन गेले होते, आणि त्यानंतर तेथे १९३८ चा औषध कायदा झाला. आपल्याकडे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून तेच विष लहान मुलांच्या पोटात गेले, आणि त्यातील अनेक मुलांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणावे लागले. जवळजवळ नव्वद वर्षे जुने, नावानिशी माहीत असलेले विष!

बाटलीतील विष परिचारिकेला डोळ्यांनी दिसणार नाही, हे खरे. परंतु लघवीची नोंद तिच्या हाती असते. तीन वेगवेगळ्या खाटांवरील रुग्णांची लघवी एकाच दोन दिवसांत कमी झाली, हे डॉक्टरच्या आधी जिला दिसू शकते ती तुम्ही आहात, कारण तीनही तक्ते तुमच्याच हाताने भरले जातात. औषधाच्या बाटलीवरचा बॅच क्रमांक लिहून ठेवण्याचा कंटाळा करू नका. आणि औषधाचा दुष्परिणाम कळविण्याचा अधिकार केवळ डॉक्टरांना आहे असा समज असल्यास तो सोडा. २०१० पासून देशात औषध-दक्षता कार्यक्रम चालू आहे; त्यात परिचारिकाही कळवू शकते, आणि १८०० १८० ३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो.

चूक घडल्यावर काय होते हेही पाहू. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात ३१ जानेवारी २०२१ रोजी पोलिओ लसीकरणाच्या वेळी बारा मुलांना लसीऐवजी हात निर्जंतुक करण्याचे द्रावण पाजले गेले. सुदैवाने मुले वाचली. वृत्तपत्रांनी ‘हलगर्जीपणा’ म्हटले, तीन कर्मचाऱ्यांच्या निलंबनाची घोषणा झाली, आणि लोकांचा राग शांत झाला. हलगर्जीपणा नव्हता असे मी म्हणत नाही. मी एवढेच विचारतो की कोरोनाच्या त्या काळात लसीच्या टेबलावर सॅनिटायझर ठेवणे सक्तीचे झाले, तेव्हा त्याची जागा कोठे, बाटली कशी, त्यावर ठळक खूण कोणती, याचा विचार कोणाच्या कामात मोडत होता? निलंबनाने या प्रश्नाचे उत्तर मिळाले काय? अमेरिकेतील नॅशव्हिल येथे २०१७ साली एका परिचारिकेने औषध देणाऱ्या यंत्राच्या कपाटातून गुंगीच्या औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारे औषध काढले आणि रुग्ण दगावला. दोन्ही नावांची पहिली दोन अक्षरे सारखी होती. तिने चूक लगेच कबूल केली. २०२२ साली न्यायालयाने तिला गुन्हेगार ठरविले, शिक्षा तीन वर्षांच्या देखरेखीची झाली. तेथील परिचारिका रस्त्यावर आल्या त्या चुकीचे समर्थन करण्यासाठी नव्हे. कबूल करणाऱ्याला तुरुंगाची भीती दाखविली तर उद्या कोणी कबूल करणार नाही आणि पुढचा रुग्ण त्याच सापळ्यात सापडेल, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आपल्या व्यवस्थेत दोष नेहमी उतारावरून खाली वाहतो आणि सर्वांत खालच्या पायरीवर जाऊन साचतो. तेथे आशा असते, अंगणवाडी सेविका असते, कंत्राटी परिचारिका असते, आणि तुमच्यासारखी विद्यार्थिनीही असते. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणे अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. तुमच्या वॉर्डात काल रात्री किती होत्या हे मला सांगू नका, स्वतःच मोजा. शिकायला आलेल्या मुलींच्या हातांवर रुग्णालये चालवायची, त्यांना पुरेशी देखरेख द्यायची नाही, आणि चूक झाली की ‘विद्यार्थिनीने केली’ म्हणून अंग काढून घ्यायचे, ही फुकटच्या श्रमाची प्रथा आहे. त्यात रुग्णाचा जीव आणि तुमचे शिक्षण दोन्ही जातात.

ज्ञान कोणाला झेपते याविषयीही आपल्याकडे जुना अहंकार आहे. परिचारिकेने ‘का’ विचारू नये, तिने सांगितलेले करावे. आशाने तर सांगितलेलेही बेताने करावे. वरच्याने जाणावे आणि खालच्याने राबावे ही आपली जुनी समाजरचना पांढरा डगला घालून वॉर्डात हिंडत असते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी हा अहंकार प्रयोगाने खोडून काढला. थोडेफार शिकलेल्या गावातल्याच बायांना त्यांनी नवजात अर्भकाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि मघाशी सांगितले तेच जेंटामायसिन टोचणे शिकविले. ३९ गावांतील या कामाचा अहवाल १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला; त्या गावांतील नवजात अर्भकांचे मृत्यू इतर गावांच्या तुलनेत साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे त्यात दाखविले होते. ज्या बायांच्या हाती सुई देऊ नये असे शहाणे लोक सांगत होते, त्यांच्या हातून हे घडले. त्यांना नुसती कृती शिकविली नव्हती, कारण शिकविले होते. आणि प्रत्येकीजवळ वजनकाटा होता.

या शिबिरास पक्षाचे जे कार्यकर्ते आले आहेत त्यांना मला येथे दोन शब्द सांगावयाचे आहेत. आपण तहसील कचेरीवर मोर्चा नेतो तेव्हा डॉक्टर द्या, रुग्णवाहिका द्या, औषधे द्या अशा मागण्या करतो. योग्यच आहेत. पण अंगणवाडीतला काटा शून्यावर येतो का, उपकेंद्रात अर्भकाचा काटा आहे का, मात्रांचा तक्ता भिंतीवर मराठीत लावलेला आहे का, रात्री औषध काढताना तेथे दिवा असतो का, ऑक्सिटोसिन ठेवायचा शीतपेटीतला बर्फ भारनियमनात टिकतो का, हे आपल्या निवेदनात मी कधी वाचलेले नाही. या मागण्या लहान दिसतात. त्यांना घोषणा चांगल्या जुळत नाहीत, हेही मी जाणतो. तरी पुढच्या निवेदनात त्या पहिल्या पानावर घ्या. आणि एखाद्या केंद्रात औषधाची चूक झाली तर परिचारिकेला घेराव घालण्यापूर्वी त्या रात्री ड्यूटीवर किती जणी होत्या हे विचारा.

तुम्ही विद्यार्थिनी विचाराल की वरिष्ठांना आम्ही थांबा कसे म्हणावे? आम्ही पहिल्या वर्षाच्या. मी तुम्हांला बंड करावयास सांगत नाही, आकडा उच्चारावयास सांगतो. ‘सर, हे चुकीचे आहे,’ असे म्हटले की अहंकार जागा होतो. ‘सर, बाळाचे वजन साडेसात किलो आहे आणि ही मात्रा किलोमागे तेहतीस येते आहे, पुन्हा एकदा पाहता का?’ असे म्हटले की समोरच्याला कागदाकडे पाहावेच लागते. तोंडी सांगितलेली मात्रा मोठ्याने परत म्हणा, लिहून घ्या, सही मागा. एका मिलिग्रॅमच्या पुढे निरर्थक शून्य लिहू नका. दशांश चिन्ह पुसट झाले की एकाचे दहा होतात. अर्ध्या मिलिग्रॅमला मात्र चिन्हाच्या आधी शून्य लिहा. धोक्याच्या औषधाचे गणित दोघींनी स्वतंत्रपणे करा. एकीने केलेले दुसरीने नुसते ‘बरोबर’ म्हणणे ही तपासणी नव्हे, ती मैत्री आहे. आणि औषध भरताना कोणी हाक मारली तर ‘दोन मिनिटे’ म्हणून सांगा, मग हाक मारणारे कोणीही असोत.

सिस्टर-ट्यूटर बाईंनी मघाशी चिठ्ठी पाठवून वेळेची जाणीव दिली आहे. अंगणवाडीच्या ओसरीवर टांगण्याचा काटा लावलेला आहे. अंगणवाडीच्या ताई पाड्यावरून मुलांना घेऊन आल्या आहेत. चहा झाल्यावर दोघी-दोघींनी जायचे. आधी रिकामी झोळी टांगून काटा शून्यावर आणा, मग मुलाचे वजन घ्या, पावलांवरची सूज पाहा. त्या वजनाला पॅरासिटामॉलची मात्रा तिन्ही बाटल्यांतून किती मिलिलिटर येते ते प्रत्येकीने आपापल्या कागदावर काढायचे, शेजारणीचे पाहून नाही. दोघींची उत्तरे जुळली नाहीत तर माझ्याकडे न येता आधी पुन्हा वजन करा. आईला विचारल्याशिवाय मुलाला काट्याला लावू नका, आणि वजन किती भरले ते आधी तिला सांगा.